अकरावी पट्टी

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला मी नियतकालिक विभागाचं दार उघडलं, तेव्हा खिडकीजवळची खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवलेली होती. तिच्या एका पायाला कागद चिकटवला होता : ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत येथे बसू नये. – उपप्राचार्य.’

खुर्चीचीसुद्धा चौकशी होते, हे मला सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कळलं.

ती खुर्ची कात्रीसरांची. म्हणजे होती कॉलेजचीच, पण रोज अकराच्या ठोक्याला त्यांच्याशिवाय तिच्यावर बसायची कुणाची छाती नव्हती. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक. घरून स्वतःची वर्तमानपत्रं आणायचे, चष्म्याच्या डबीतून छोटी कात्री काढायचे आणि झाडांविषयीच्या बातम्या कापून वहीत चिकटवायचे. आमच्या मासिकांच्या पानाचा कोपरादेखील त्यांनी कधी दुमडला नाही. दुमडला असता तर मला कळलं असतंच. कॉलेजात मला सगळे ‘मासिकराव’ म्हणतात ते उगीच नाही.

मी कागद वाचतोय तोवर उपप्राचार्य स्वतःच आत आले. माणूस वाईट नाही, पण घाईचा. प्रश्न विचारायच्या आधी त्यांच्या खिशात उत्तर तयार असतं.

“मासिकराव, गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरच्या यादीवरून कपाटं मोजली. अकरा अंक गायब आहेत! वर्षावर्षाचे बांधलेले खंड उघडून पाहिले, तर अंकांच्या जागी नुसत्या कागदाच्या पट्ट्या. कुणीतरी पात्यानं कापून नेलेत.”

“कापून?” मी विचारलं.

“मग काय! आणि या इमारतीत रोज कात्री घेऊन कोण येतं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? शुक्रवारी ग्रंथालय समितीची बैठक आहे. सरांचं वाचनाचं कार्ड रद्द करायचा ठराव मी मांडणार.”

अकराचा ठोका पडला आणि कात्रीसर आले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, चष्मा लावून कागद वाचला, आणि वर्तमानपत्रांची घडी काखेत घट्ट धरली.

“मी उभा राहून वाचलं तर चालेल का?” त्यांनी विचारलं.

उपप्राचार्य खिडकीबाहेर बघत राहिले. मला तर तोंड कुठे लपवावं ते कळेना.

२

आमच्या ग्रंथपालबाई येऊन तीनच महिने झाले होते. खरं सांगतो, त्या मला आवडत नव्हत्या. त्यांनी आल्या आल्या माझी कार्डं बंद करून सगळी मासिकं डेटाबेसमध्ये घातली. प्रत्येक मासिकाचं एक कार्ड, कार्डावर प्रत्येक अंकाची एक चौकट, अंक आला की चौकटीत तारीख, असा माझा सत्तावीस वर्षांचा संसार होता. तो एका पडद्यात मावतो म्हटल्यावर माणसाला काय वाटेल?

पण त्या दिवशी बाईंनी एक गोष्ट केली. कात्रीसरांना आपल्या खोलीत नेऊन स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण स्टुलावर बसल्या.

“सर, कात्री बघू जरा.”

सरांनी ती टेबलावर ठेवली. टोकं गोल, पाती दोन बोटं लांब.

“हिनं पुठ्ठ्याचा खंड कापायचा म्हटलं तर संध्याकाळ होईल,” बाई म्हणाल्या. “या गावात कधी आलात तुम्ही?”

“सहा वर्षं झाली. निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या गावी शिकवत होतो. मग मुलीकडे आलो.” सरांनी कात्री परत डबीत ठेवली. “बाई, कार्ड रद्द झालं तर झालं. पण मी रोज अकराला घराबाहेर पडतो म्हणून मुलगी निर्धास्त असते. बाबांचं छान चाललंय म्हणते. शुक्रवारनंतर मी घरी बसलो की ती कारण विचारेल. चोरीचा आळ आलाय, हे तिला कसं सांगू?”

बाईंनी काही वचन दिलं नाही. “शुक्रवारपर्यंत रोज अकराला या. माझी खुर्ची तुमची,” एवढंच म्हणाल्या.

सर गेल्यावर त्यांनी टकटकताईंना बोलावलं. या आमच्या डेटाबेसच्या टंकलेखिका. त्या टाइप करू लागल्या की शेजारच्या वर्गात आवाज जातो.

“कार्डावरची माहिती तुम्ही भरलीत. कशी भरलीत?”

“सोपं होतं. चौकटीत तारीख असली की ‘मिळाला’, चौकट रिकामी असली की ‘मिळाला नाही’. माझ्या मनाचं एक अक्षर घातलं नाही हं मी!”

“कार्डं समोर ठेवून?”

“छे! कार्डांच्या झेरॉक्स समोर ठेवून.” टकटकताईंनी माझ्याकडे नाक मुरडून पाहिलं. “यांनी मूळ कार्डांना हात लावू दिला तर ना. जिवंतपणी कुणाच्या हाती देणार नाही म्हणाले.”

मी छताकडे बघत राहिलो.

“आणि आता ती मूळ कार्डं कुठे आहेत, मासिकराव?”

“रद्दीत दिली. तसा हुकूमच होता,” मी म्हणालो.

इतक्या वर्षांच्या नोकरीतलं ते माझं पहिलं खोटं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली.

३

ते अकरा खंड उपप्राचार्यांनी पुरावा म्हणून कुलपात ठेवले होते. बुधवारी सकाळी बाईंनी किल्ली मागून आणली आणि सगळे खंड टेबलावर ओळीनं उघडून ठेवले. मीही पट्ट्या तेव्हाच पहिल्यांदा पाहिल्या. सुटे अंक माझ्या ताब्यात. पण वर्षाचे अंक जमले की त्यांचा खंड बांधून घेणं हा जुन्या ग्रंथपालांचा प्रांत होता. त्यात ते मला बोट घालू देत नसत. बांधून आलेला खंड मी कपाटात लावायचो, उघडून कशाला बघू?

बाईंनी डोळे मिटले आणि एकेका पट्टीवरून बोट फिरवलं.

“हे रसायनाचं त्रैमासिक, कागद गुळगुळीत. हे अर्थशास्त्राचं, कागद खरखरीत. अकरा मासिकं अकरा छापखान्यांतून आली. मग पट्ट्यांचा कागद सगळीकडे एकच कसा?”

मी वाकून पाहिलं. खरंच की! सगळ्या पट्ट्या एकाच जाड, तपकिरी, कोऱ्या कागदाच्या.

बाइंडरकाकांचं दुकान कॉलेजच्या मागच्याच गल्लीत आहे. खळीचं भांडं ढवळता ढवळता त्यांनी पट्टीकडे नुसती नजर टाकली.

“माझाच कागद. यात विचारायचं काय? बांधायला दिलेल्या गठ्ठ्यात एखादा अंक नसला की मी त्याच्या जाडीच्या पट्ट्या शिवतो. नाहीतर खंड एका बाजूला बसतो. आणि उद्या अंक सापडलाच, तर डकवायला जागा नको?”

“म्हणजे हे अंक कुणी कापलेले नाहीत?”

“कापतील कसे? माझ्या दुकानात ते आलेच नाहीत. मागच्या पुठ्ठ्याच्या आत बघा, बांधल्याचा महिना आणि साल लिहिलेलं असतं. मी ते कधी चुकवत नाही.”

मी हवेत तरंगतच परत आलो आणि जिन्यात भेटलेल्या उपप्राचार्यांना सगळं एका दमात सांगून टाकलं. ते शांतपणे ऐकत होते.

“उत्तम. कापले नाहीत,” ते म्हणाले. “पण कॉम्प्युटर म्हणतो, अकराही अंक कॉलेजात आले. बांधायला मात्र गेले नाहीत. म्हणजे सुटे असतानाच गेले. यातले तीन गेल्या सहा वर्षांतले आहेत, तेव्हा कात्रीसर अजून सुटलेले नाहीत. आणि मासिकराव, सुटे अंक कुणाच्या ताब्यात असतात?”

कॉलेजात सुट्या अंकांना हात लावणारा माणूस एकच होता. त्याचं नाव मला चांगलंच ठाऊक होतं.

४

त्या दुपारी जेवणाचा डबा मी तसाच परत झाकून ठेवला. बाईंनी मला हाक मारली. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या.

“या इकडे. तुमचं आणि याचं पटत नाही, ठाऊक आहे मला. पण आज याला तुमच्या बाजूनं साक्ष द्यायची आहे.”

पडद्यावर त्या अकरा अंकांची यादी होती. मासिकाचं नाव, खंड, अंक, मिळाल्याची तारीख. बाईंनी एक बटण दाबलं आणि प्रत्येक तारखेपुढे वार आला.

सोमवार. सोमवार. सोमवार. दहा वेळा सोमवार! फक्त एका अंकापुढे बुधवार.

“नुसता सोमवार नाही,” बाई म्हणाल्या. “तारखा बघा. सगळ्या एक ते सातच्या आत. दर वेळी महिन्याचा पहिला सोमवार. सत्तावीस वर्षांत, दहा निरनिराळ्या मासिकांचे अंक, पोस्टमननं नेमके पहिल्या सोमवारीच आणून टाकले? बाकीच्या हजारो अंकांचे वार मी तपासले, ते सगळीकडे विखुरलेत. मासिकराव, महिन्याच्या पहिल्या सोमवारी तुम्ही काय करता?”

“स्मरणपत्रं लिहितो,” मी म्हणालो. “न आलेल्या अंकांबद्दल प्रकाशकांना. हा माझा नियमच आहे. पत्र टाकलं की कार्डावर त्या अंकाच्या चौकटीत तारीख घालतो...”

बाई माझ्याकडे वळल्या.

“त्याच चौकटीत? मग आलेला अंक आणि न आलेला अंक यातला फरक कसा कळतो?”

मी खिशातली दोन पेनं काढून टेबलावर ठेवली. आलेल्या अंकाची तारीख निळ्या शाईनं. स्मरणपत्राची तारीख लाल शाईनं. पुढे अंक आलाच, तर लाल खोडून निळी. सत्तावीस वर्षांत या रंगांची गल्लत मी एकदाही केली नव्हती.

आणि झेरॉक्समध्ये दोन्ही रंग काळे येतात.

चूक टकटकताईंची नव्हती आणि कॉम्प्युटरची तर मुळीच नव्हती. कार्डांना हात लावू दिला नाही तो मीच. माझ्या हट्टापायी एक भला माणूस खुर्चीला मुकला होता. लाज वाटली मला, अगदी मनापासून वाटली.

“मूळ कार्डं असती तर लगेच सिद्ध झालं असतं,” बाई हळूच म्हणाल्या. “पण ती तर तुम्ही रद्दीत दिलीत.”

त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, मंगळवारी ती रेघ त्यांनी कशाखाली मारली होती ते.

“बाई,” मी म्हणालो, “आमच्या पलंगाखाली बुटांचे सात खोके आहेत. त्यात बूट नाहीत.”

५

गुरुवारी सकाळी मी खोके बाहेर काढले, तेव्हा आमच्या मंडळींचा चेहरा बघण्यासारखा होता. “नेताय? खरंच नेताय?” तिनं दोनदा विचारलं आणि लगेच झाडू घेऊन पलंगाखाली शिरली. तीन महिने तिनं त्या खोक्यांना माझी दुसरी बायको म्हणून टोमणे मारले होते.

बाई यादीतलं नाव वाचत होत्या आणि मी कार्ड काढून देत होतो. लाल. लाल. लाल. दहाही कार्डांवर लाल शाई, म्हणजे अंक आलेलेच नव्हते. गेल्या सहा वर्षांतले तिन्ही अंक या दहांत होते. जे कधी आलंच नाही ते चोरणार कोण?

“आता बुधवारवालं,” बाई म्हणाल्या.

रसायनाचं त्रैमासिक, चोवीस वर्षांपूर्वीचा तिसरा अंक. मी कार्ड काढलं.

निळी शाई होती. हा अंक आला होता, माझ्या हातांनी मी तो घेतला होता. बाइंडरकाकांच्या नोंदीप्रमाणे खंड बांधला गेला त्यानंतर आठ महिन्यांनी, आणि तेव्हा अंक जागेवर नव्हता.

“त्या आठ महिन्यांत कात्रीसर इथे नव्हते,” बाई म्हणाल्या. “ते या गावातच नव्हते. त्यांचा प्रश्न मिटला. पण अंक कुणीतरी नेला हे खरं. सुटा अंक घरी कुणाला मिळायचा?”

“फक्त प्राध्यापकांना. तेही दोन दिवस, माझ्या भरवशावर.”

“नोंद कुठे?”

मला एकदम आठवलं. वहीत नोंद नसायचीच! मी कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहायचो. अंक परत आला की खोडरबरानं पुसायचो. पुसलं की हिशेब संपला. जे पुसलेलं नाही ते बाहेर आहे, इतकी साधी पद्धत.

बाई कार्ड घेऊन उजेडाकडे गेल्या. झेरॉक्सनं न टिपलेली पुसट अक्षरं त्यांनी सावकाश वाचली.

“‘रसायन, धाकटे.’ हे कोण?”

“रसायन विभागात तेव्हा दोनच जण होते. थोरले सर कधीच निवृत्त झाले. धाकटे म्हणजे नवीन लागलेले. काटकुळे होते, सायकलवरून यायचे. मी विसरलोच हो. लिहिलं आणि विसरलो.”

“आता कुठे असतात ते?”

मी छताकडे बोट दाखवलं. आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर उपप्राचार्यांची खोली होती.

६

“समितीपुढे ठेवू या का हे?” जिना चढता चढता मी विचारलं. खोटं कशाला बोलू, माझे हात शिवशिवत होते. खुर्चीला कागद चिकटवणाऱ्या माणसाला भर बैठकीत मान खाली घालायला लावायचं!

“त्यांनी कात्रीसरांना विचारलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “आपण त्यांना आधी विचारू.”

उपप्राचार्यांनी दहा लाल कार्डं पाहिली, पहिल्या सोमवारांची यादी पाहिली, दोनदा “अच्छा” म्हणाले. मग बाईंनी अकरावं कार्ड पुढे ठेवलं.

त्यांनी कोपऱ्यातली पेन्सिल वाचली. चष्मा काढला. पुन्हा लावला.

“धाकटे,” ते म्हणाले. “किती वर्षांनी ऐकतोय हा शब्द.”

त्यांनी कार्ड हातात घेतलं.

“त्या अंकात माझं पहिलं टिपण छापून आलं होतं. दीड पान. लेखकाची प्रत यायला वेळ होता, आणि आई अंथरुणाला खिळलेली. म्हणून दोन दिवसांसाठी हा अंक नेला. तिला वाचता येत नव्हतं. नाव कुठलं ते मी दाखवलं, तर त्यावर बोट फिरवत बसली. दोन दिवसांनी मागायला गेलो, तर अंक उशाखाली. द्यायला तयार नाही. म्हटलं, माझी प्रत आली की ती ग्रंथालयाला देईन. ती प्रत कधी आलीच नाही, आणि मी...” त्यांनी कार्ड उलटं करून पाहिलं, जणू मागे काही सुटकेची वाट आहे. “अंक अजून आईच्या ट्रंकेत आहे. ट्रंक उघडली की मला तो आईचा म्हणूनच दिसतो. यादीवर मीच सही केली बाई. खंड अमुक, अंक तमुक. ओळखलाच नाही.”

माझे शिवशिवणारे हात कधी थंड पडले, मला कळलंच नाही.

“शुक्रवारच्या बैठकीत काय सांगायचं?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही काही सांगू नका,” ते उठत म्हणाले. “मी सांगतो.”

७

आणि त्यांनी सांगितलं. शुक्रवारी दहाच्या बैठकीत सगळ्यांसमोर, काहीही न लपवता. पेन्सिल पुसायची राहिली ती चूक माझी, असं मी मध्ये म्हणून पाहिलं. तर “तुम्ही विसरलात मासिकराव, पण अंक माझ्या घरात होता,” म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

पावणेअकराला ते आमच्या विभागात आले. खुर्ची स्वतः उतरवली, रुमालानं पुसली, खिडकीजवळ जागच्या जागी ठेवली. अकराच्या ठोक्याला कात्रीसर दारात उभे.

“सर, चुकलं माझं,” उपप्राचार्य म्हणाले. “विचारायला हवं होतं, ते न विचारता ठरवून मोकळा झालो. बसा.”

सर बसले. खुर्चीच्या पायाला अजून लटकणारा तो कागद त्यांना दिसला. त्यांनी चष्म्याच्या डबीतून कात्री काढली, कागद नीट कडेनं कापून घेतला आणि विचारलं, “हे कात्रण मी ठेवलं तर चालेल ना? झाडांच्या वहीत नाही, वेगळं ठेवीन.”

उपप्राचार्य आधी ओशाळले आणि मग असे मोठ्यानं हसले की टकटकताईंची टकटक थांबली.

दुपारी बाइंडरकाका खळीचं भांडं घेऊनच आले. उपप्राचार्यांनी आणलेला तो अंक मऊ जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. काकांनी पानं मोजली, खंडातल्या अकराव्या पट्टीशी जाडी लावून पाहिली आणि मान डोलावली. चोवीस वर्षांपूर्वी राखून ठेवलेल्या जागेत अंक अगदी बेतानं बसला. दीड पानाच्या त्या टिपणावर, नावाच्या बाजूला, बोटाचा तेलकट डाग होता.

“हा काढून देऊ का? खडूची पूड लावली की जातो,” काका म्हणाले.

“राहू दे,” उपप्राचार्य म्हणाले.

बाईंनी डेटाबेसमध्ये दोन नव्या चौकटी वाढवल्या. एक स्मरणपत्राच्या तारखेची, दुसरी अंक घरी कुणी नेला त्याची. त्या भरायच्या कशा, हे मला शिकवलं आणि पहिली नोंद माझ्याकडून करून घेतली. बरं वाटलं. पुढच्या पहिल्या सोमवारची वाट बघावी, असं बऱ्याच दिवसांनी वाटलं. माझे सात खोके आता बाईंच्या खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर आहेत आणि त्यांची किल्ली माझ्याकडे आहे.

सगळे गेल्यावर मी रसायनाच्या त्रैमासिकाचं कार्ड काढलं. अंक परत आला होता, म्हणजे माझं एक काम बाकी होतं. टेबलाच्या खणातून खोडरबर घेतलं आणि कोपऱ्यातली ती पेन्सिल हलक्या हातानं पुसून टाकली.